भाड्याची वीज : बांगलादेशातील एका तातडीच्या उपायाची पंधरा वर्षे

ऑगस्ट २०१० मध्ये बांगलादेशात, ढाक्याच्या ईशान्येला शीतलक्षा नदीकाठी असलेल्या घोराशाल येथे, दोन आठवड्यांच्या अंतराने प्रथम ४५ आणि मग १०० मेगावॅटचे वीजसंच सुरू झाले. शेजारीच सोव्हिएत मदतीने बांधलेले सरकारी औष्णिक केंद्र १९७०च्या दशकापासून उभे होते. नव्या केंद्राला मात्र उंच धुराडे नव्हते आणि टर्बाइनची भव्य इमारतही नव्हती. ओळीने मांडलेल्या पोलादी कंटेनरांत नैसर्गिक वायूवर चालणारी इंजिने आणि त्यांना जोडलेली जनित्रे, एवढाच त्याचा पसारा. यंत्रे ॲग्रेको या स्कॉटलंडच्या कंपनीची होती. सरकारने ती विकत न घेता मुदतीच्या भाड्याने घेतली होती.

अशी केंद्रे त्या दोन-तीन वर्षांत देशभर उभी राहिली. काही नैसर्गिक वायूवर चालत, तर बरीचशी फर्नेस तेल किंवा डिझेलवर. तीन ते पाच वर्षांत अंधार हटवून परत जायचे, हा त्यांचा मूळ हेतू. प्रत्यक्षात त्यांतील अनेकांचा मुक्काम कितीतरी लांबला, त्यांच्यासाठी केलेला खास कायदा चौदा वर्षे टिकला आणि २०२४ च्या राजकीय उलथापालथीनंतरच तो मोडीत निघाला.

भाड्याच्या केंद्राचे आकर्षण वेगात असते. वायूवर चालणारे मोठे संयुक्त चक्र केंद्र (वायू टर्बाइनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफेचे टर्बाइनही चालवणारे) उभारायला निविदा, कर्ज, पायाभरणी आणि यंत्रजोडणी धरून चार-पाच वर्षे सहज जातात. कंटेनरमधील इंजिने जहाजाने आणून, काँक्रीटच्या ओट्यावर ठेवून, वायुवाहिनी आणि उपकेंद्राला जोडली की काही महिन्यांत वीज मिळते. या वेगाची किंमत करारात दिसते. वीज घेणारे सरकारी मंडळ कंपनीला दोन प्रकारे पैसे देते : एक, केंद्र तयार ठेवल्याबद्दल दरमहा दर किलोवॅटमागे ठरलेले भाडे, जे बहुधा डॉलरशी बांधलेले असते, दोन, तयार झालेल्या विजेमागचा चालवण्याचा खर्च. इंधनाचा बोजाही अखेर मंडळावरच येतो. म्हणजे केंद्र चालण्याजोगे असून मंडळाने वीज उचलली नाही, तरी भाडे चुकत नाही. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. १९९०च्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पावरून राज्यात जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी असाच स्थिर आकार होता. बांगलादेशात त्यालाच ‘कॅपॅसिटी चार्ज’, म्हणजे क्षमता आकार, म्हणतात आणि पुढे हा शब्द तिथल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कायमचा जाऊन बसला.

वायूवर चालणारी केंद्रे बांगलादेशालाच का सुचावीत, याचे उत्तर तिथल्या भूगर्भात आहे. सिल्हेटजवळ हरिपूर येथे १९५५ मध्ये वायू सापडला. १९६०च्या दशकात शेल कंपनीने तितास, हबीगंज, रशीदपूर, कैलाशटिला आणि बाखराबाद ही क्षेत्रे शोधली. स्वतंत्र बांगलादेशच्या सरकारने ती पाचही क्षेत्रे ९ ऑगस्ट १९७५ रोजी अवघ्या ४५ लाख पौंडांना विकत घेतली. राष्ट्राध्यक्ष शेख मुजीब यांची हत्या त्यानंतर सहाच दिवसांनी झाली. त्या खरेदीने देशाला दीर्घकाळ स्वस्त इंधन मिळवून दिले आणि स्वस्त इंधनाने एक सवयही लावली. खत कारखाने, वीजकेंद्रे, शहरांतल्या चुली, नंतर सीएनजी रिक्षा, सारे एकाच वायूवर चालू लागले. २००८-०९ च्या सुमारास देशात तयार होणाऱ्या दहा युनिटांपैकी जवळपास नऊ युनिटे वायूपासून येत. वीजकेंद्रांना तो हजार घनफुटाला ८० टक्यांच्या (टका हे तिथले चलन) आसपास मिळे, म्हणजे जेमतेम एका डॉलरला. एवढ्या स्वस्त मालाचा साठा संपू शकतो, याकडे धोरणकर्त्यांचे लक्ष उशिरा गेले.

हा वायू देशाच्या पूर्वेला होता. यमुनेवरचा (ब्रह्मपुत्रेचे तिथले नाव) पूल १९९८ मध्ये खुला झाला आणि त्यावरून वायुवाहिनी पश्चिमेला गेली, पण खुलन्यासारखा नैर्ऋत्य भाग कोरडाच राहिला. पुढे भाड्याची केंद्रे वाटताना हा भूगोल निर्णायक ठरला. घोराशाल, आशुगंज, ब्राह्मणबाडिया, फेंचुगंज या पूर्वेकडच्या ठिकाणी वायूची केंद्रे आली आणि खुलना-नवापाडा भागाच्या वाट्याला तेलाची. भोला बेटाची गोष्ट निराळी. तिथल्या शाहबाझपूर क्षेत्रात १९९५ मध्ये वायू सापडला, पण बेटावरून मुख्य भूमीकडे वाहिनी नव्हती. तो वायू जागच्या जागी जाळून बेटालाच वीज देणारे तीसेक मेगावॅटचे छोटे भाडेकेंद्र २००९ मध्ये तिथे सुरू झाले. साऱ्या भाडेकेंद्रांत सर्वांत कमी वादाचे असे ते असावे.

खाजगी वीजनिर्मितीची वाट १९९६ च्या धोरणाने खुली केली होती. खुलन्यात १९९८ मध्ये तराफ्यांवरचे ११० मेगावॅटचे केंद्र आले. त्यानंतर अमेरिकी एईएस कंपनीने ढाक्याजवळ हरिपूर येथे (हे सिल्हेटचे हरिपूर नव्हे) ३६० आणि मेघनाघाट येथे ४५० मेगावॅटची वायूवर चालणारी केंद्रे उभारली. खुल्या स्पर्धेतून दिलेल्या या दोन केंद्रांची वीज फार स्वस्त पडली. पुढचा सारा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण खाजगी वीज म्हणजे महाग वीज, असे समीकरण या देशात आधी नव्हते. मात्र २००१ ते २००६ या काळात निर्मितीत जुजबीच भर पडली. नवे मोठे केंद्र म्हणून गाजावाजा झालेला टोंगीचा ८० मेगावॅटचा संच पुनःपुन्हा बंद पडू लागला. गावोगाव विजेचे खांब रोवले गेले आणि तारांत वीज नाही, यावरून ‘खांबा’ हा विरोधकांचा आवडता टोमणा झाला.

याच सुमारास असंतोष रस्त्यावर आला. वायव्येकडील चापाईनवाबगंज जिल्ह्यातल्या कानसाट गावात २००६ च्या जानेवारीपासून शेतकरी आणि ग्राहक स्थानिक वीज सहकारी समितीविरुद्ध उठले. वीज पुरेशी मिळत नाही, पण मीटरभाडे आणि किमान आकार मात्र चुकत नाही, अशी त्यांची तक्रार होती. बोरो भाताच्या हंगामात पंप बंद राहिले की पीक जाते, त्यामुळे ग्रामीण बांगलादेशात विजेचा प्रश्न थेट पोटाशी जोडलेला असतो. एप्रिलपर्यंत पोलिसांच्या गोळीबारात डझनाहून अधिक माणसे मारली गेली, तेव्हा कुठे सरकारने मागण्या मान्य केल्या. मे महिन्यात ढाक्याच्या शनिर आखडा भागात पाणी आणि विजेसाठी लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये दिनाजपूरच्या फुलबाडी येथे खुल्या कोळसा खाणीविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार होऊन तिघे ठार झाले. देशी कोळशाचा पर्याय त्यानंतर राजकीयदृष्ट्या गोठल्यासारखाच झाला. उरला वायू, आणि त्याचाही तुटवडा जाणवू लागला होता.

२००७-०८ मध्ये सत्तेवर असलेल्या हंगामी सरकारने भाडेकेंद्रांची पहिली तुकडी ठरवली. सिल्हेटजवळ कुमारगाव, हबीगंजमधील शाहजीबाजार, बोगरा, फेंचुगंज, भोला अशा ठिकाणी प्रामुख्याने वायूवर चालणारी, दहा ते ऐंशी-नव्वद मेगावॅटची ही केंद्रे निविदा काढून दिली गेली. काहींची मुदत तीन वर्षे होती, काहींची पंधरा. पंधरा वर्षांच्या कराराला भाडे म्हणावे का, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

जानेवारी २००९ मध्ये अवामी लीगचे सरकार आले. पंतप्रधान शेख हसीना यांनी वीज खाते स्वतःकडे ठेवले. त्या वेळी देशाची स्थापित क्षमता ४,९४२ मेगावॅट होती आणि प्रत्यक्ष निर्मिती सुमारे ३,२६८ मेगावॅट. निम्म्याहून थोड्या कमीच लोकांच्या घरी वीज होती. जिथे होती तिथे उन्हाळ्यात तासातासाने जात होती. सरकारने हाताशी होते ते सारे करून पाहिले. १९ जून २००९ च्या रात्री देशभरातली घड्याळे तासभर पुढे केली. हा प्रयोग वर्षअखेर गुंडाळावा लागला. दुकाने रात्री आठला बंद करण्याचा हुकूम निघाला. नव्या वायूजोडण्या थांबल्या. उन्हाळ्यात युरियाचे कारखाने बंद ठेवून त्यांचा वायू वीजकेंद्रांकडे वळवण्यात आला, आणि मग युरिया परदेशातून विकत आणावा लागला. लांब पल्ल्याच्या योजनाही कागदावर होत्या. सिद्धिरगंजच्या वायू केंद्रासाठी जागतिक बँकेचे ३५ कोटी डॉलरचे कर्ज ऑक्टोबर २००८ मध्येच मंजूर झाले होते. पण नव्या सरकारपुढे पुढचा उन्हाळा होता, आणि सिद्धिरगंज त्या उन्हाळ्यापर्यंत उभे राहणार नव्हते. त्याची वीज यायला प्रत्यक्षात २०१८ उजाडले.

या घाईतून ‘क्विक रेंटल’ जन्मले. कंपन्यांनी प्रस्ताव आणायचे, सरकारने वाटाघाटी करून दर ठरवायचा आणि चार ते नऊ महिन्यांत वीज घ्यायची, अशी ही पद्धत. स्पर्धात्मक निविदांना फाटा देणे सरकारी खरेदीच्या नियमांत बसणारे नव्हते. म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये संसदेने वीज व ऊर्जा पुरवठा जलद वाढवण्यासाठी विशेष कायदा केला. त्याच्या सहाव्या कलमाने निविदेशिवाय थेट वाटाघाटींची मुभा दिली. नवव्या कलमाने या कायद्याखाली घेतलेल्या निर्णयांना न्यायालयात आव्हान देण्याची वाटच बंद केली. टीकाकार त्याला ‘दायमुक्ती कायदा’ म्हणू लागले. कायद्याची मुदत दोन वर्षांची होती. संकट तात्पुरते आहे, तर कायदाही तात्पुरता, असा सरकारचा युक्तिवाद होता आणि २०१० मध्ये तो पटण्यासारखाही होता.

केंद्रे खरोखर वेगाने आली. आशुगंजमध्ये एप्रिल २०१० मध्ये ५५ मेगावॅटचे वायूकेंद्र सुरू झाले. ऑगस्टमध्ये घोराशाल आले, मार्च २०११ मध्ये ब्राह्मणबाडिया. त्याच वर्षी मे आणि जूनमध्ये आशुगंजला आणखी दोन आणि घोराशालला एक केंद्र उभे राहिले. मेघनेच्या काठावरच्या आशुगंजची निवड स्वाभाविक होती. तितासचे वायूक्षेत्र जवळ, जुने सरकारी वीजकेंद्र असल्याने उच्चदाब तारा तयार, आणि यंत्रे उतरवायला नदीबंदर. सिद्धिरगंज, मेघनाघाट, मदनगंज, केरानीगंज, पगला, काटाखाली, आमनुरा या ठिकाणी मात्र तेलावरची केंद्रे आली, कारण आता सगळ्यांना पुरेल एवढा वायू उरला नव्हता.

सार्वजनिक चर्चेत भाड्याची सारी केंद्रे एकाच मापाने मोजली गेली. हे तितकेसे न्याय्य नव्हते. देशी वायूवरच्या भाडेकेंद्राची वीज सरकारी विजेहून फार महाग नव्हती, कारण इंधन जवळपास फुकटच्या भावात मिळत होते. डिझेलवरची वीज तिच्या कित्येक पट महाग पडे आणि ग्राहकाला ज्या दराने वीज विकली जाई, त्याहून तर खूपच महाग. खरी भगदाडे तेलाच्या केंद्रांनी पाडली. डिझेल आणि फर्नेस तेलाची आयात वाढली, परकीय चलनावर ताण आला, वीज विकास मंडळाचा तोटा वर्षाला हजारो कोटी टक्यांवर गेला आणि सरकारला अनुदानाची झोळी सतत उघडी ठेवावी लागली. २०१० नंतरच्या तीन वर्षांत विजेचे दर वारंवार वाढले. एप्रिल २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ९८.७ कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेव्हा इंधन आणि विजेवरचे अनुदान आवरणे हा त्याच्या अटींचा महत्त्वाचा भाग होता.

वायूच्या भाडेकेंद्रांचा दोष वेगळाच होता आणि हिशेबात तो चटकन दिसत नसे. वायूचा एकूण पुरवठा तेवढाच होता. त्यातून घोराशाल किंवा आशुगंजच्या भाड्याच्या इंजिनांना वाटा दिला की दुसऱ्या कुणाचा तरी कमी होई. वायूअभावी सरकारी केंद्रांतले काही शे मेगावॅटचे संच पडून असताना खाजगी इंजिनांना वायू का, हा प्रश्न तज्ज्ञ आणि ‘तेल-वायू-बंदर रक्षा समिती’सारख्या संघटना विचारत राहिल्या. याला तांत्रिक उत्तर होते. इंजिनांची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे घोराशालच्या जुन्या वाफेच्या संचांहून चांगली. तेवढ्याच वायूत ती जास्त वीज देत. पण आधुनिक संयुक्त चक्र केंद्र त्याहून बरीच जास्त वीज देते, आणि अशी केंद्रे वेळेवर बांधणे हेच तर राहून गेले होते. देशाला यंत्रे कमी पडत होती की वायू, हा मूळ प्रश्न घाईत बाजूला पडला. भाड्याचा करार यंत्रे आणू शकत होता, वायू नव्हे.

तरीही उपाय लागू पडला, हे नाकारता येत नाही. भारनियमनाचे तास घटले, कारखाने चालू राहिले, सिंचनाचे पंप फिरले. २०१३ च्या ऑक्टोबरपासून पश्चिम बंगालमधील बहरमपूरहून भेडामाऱ्यापर्यंतच्या वाहिनीने भारताचीही ५०० मेगावॅटपर्यंत वीज येऊ लागली. हरिपूरचे सरकारी ४१२ मेगावॅटचे केंद्र, मेघनाघाट आणि बिबियाना येथील खाजगी केंद्रे, आशुगंजचे नवे मोठे संच हे सारे २०१४ ते २०१७ दरम्यान सुरू झाले. मूळ हिशेबाप्रमाणे भाड्याच्या केंद्रांनी आता निरोप घ्यायला हवा होता.

तसे झाले नाही. घोराशालसह अनेक केंद्रांना मुदत संपल्यावर वाढ मिळाली. काहींना ती एकदा मिळून थांबली नाही. वाढीव मुदतीत भाड्याचा दर कमी केला जाई आणि तो सवलत म्हणून दाखवला जाई. पण कंपनीने यंत्राची किंमत पहिल्याच मुदतीत बहुतांशी वसूल केलेली असल्याने कमी दरही तिला फायद्याचाच होता. मोठी केंद्रे रखडली की मुदतवाढीला कारण मिळे, आणि भाड्याची वीज हाताशी असली की मोठ्या केंद्रांची निकड ओसरे. विशेष कायद्याचेही तेच झाले. त्याला एकामागून एक वाढ मिळत गेली. २०२१ मध्ये तर एकदम पाच वर्षांची. तोवर त्याच्या छत्राखाली केवळ भाडेकेंद्रे उरली नव्हती. दीर्घ मुदतीची मोठी खाजगी केंद्रेही निविदेविना दिली जात होती आणि क्षमता आकाराचा तोच साचा त्यांनाही लागू होता.

शेजारच्या पाकिस्तानात याच काळात हाच उपाय अगदी वेगळ्या वाटेने गेला. तिथेही २००८ नंतर भाडेकेंद्रांचे करार झाले, आगाऊ रकमा दिल्या गेल्या आणि वीज मात्र फारच थोडी आली. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१२ रोजी ते करार मुळातच रद्दबातल ठरवले. करार झाले तेव्हाचे ऊर्जामंत्री राजा परवेझ अशरफ यांना ‘राजा रेंटल’ हे नाव चिकटले, ते पंतप्रधान झाल्यावरही सुटले नाही. मात्र कराराच्या मोडतोडीबद्दल तुर्कस्तानच्या कारके कंपनीने आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली आणि पाकिस्तानविरुद्ध प्रचंड रकमेचा निवाडा मिळवला. २०१९ मध्ये तडजोड झाल्यावर ते प्रकरण मिटले. बांगलादेशात न्यायालयाचे दार बंद असल्याने अशी परीक्षा झालीच नाही. तिथे वीज आली, पण हिशेब तपासणारे कुणी नव्हते.

दरम्यान वायूचा प्रश्न उग्र होत गेला. देशी उत्पादन २०१६ च्या सुमारास दिवसाला सुमारे २७० कोटी घनफुटांवर पोचले आणि तिथून घसरू लागले. ऑगस्ट २०१८ पासून महेशखालीच्या तरंगत्या टर्मिनलमधून आयात द्रवरूप वायू वाहिनीत येऊ लागला. डॉलरभर किमतीच्या वायूवर बेतलेली व्यवस्था आता जागतिक बाजाराला बांधली गेली. युक्रेन युद्धानंतर त्याची प्रचीती आली. २१ मार्च २०२२ रोजी पायरा येथील कोळसा केंद्राच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी देशात शंभर टक्के विद्युतीकरण झाल्याची घोषणा केली. स्थापित क्षमता तेव्हा २५ हजार मेगावॅटच्या घरात होती, मागणीहून कितीतरी जास्त. चारच महिन्यांनी, १९ जुलैपासून, वेळापत्रक लावून भारनियमन सुरू झाले, डिझेलची केंद्रे थांबवली गेली आणि तात्कालिक बाजारातली द्रवरूप वायूची खरेदी बंद पडली. यंत्रे मुबलक होती, इंधन नव्हते. त्याच वर्षी तेलावरच्या काही जुन्या क्विक रेंटल केंद्रांना आणखी मुदत देताना सरकारने ‘नो इलेक्ट्रिसिटी, नो पेमेंट’ ही अट घातली. वीज नाही तर पैसे नाहीत, एवढी साधी अट करारात यायला बारा वर्षे लागली.

सप्टेंबर २०२३ मध्ये ऊर्जा राज्यमंत्री नसरुल हमीद यांनी संसदेत आकडा सांगितला. अवामी लीग सत्तेवर आल्यापासूनच्या चौदा वर्षांत ८२ खाजगी आणि ३२ भाड्याच्या केंद्रांना क्षमता आकार व भाड्यापोटी १,०४,९२६ कोटी टके देण्यात आले होते. यातला मोठा भाग दीर्घ मुदतीच्या केंद्रांचा होता. पण निविदेविना करार करण्याची आणि पडून असलेल्या यंत्राचे पैसे मोजण्याची रीत रुळली ती २०१० च्या तातडीतच.

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना देश सोडून गेल्या. महंमद युनूस यांच्या अंतरिम सरकारने त्याच महिन्यात विशेष कायद्याखालच्या नव्या वाटाघाटी थांबवल्या आणि सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती मोईनुल इस्लाम चौधरी यांच्या अध्यक्षतेखाली जुने करार तपासण्यासाठी समिती नेमली. १४ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने थेट वाटाघाटींची मुभा देणारे उपकलम आणि न्यायालयीन दाद नाकारणारे नववे कलम, दोन्ही अवैध ठरवली. महिनाअखेर अध्यादेशाने कायदाच रद्द झाला. वायूवरच्या बहुतेक भाडेकेंद्रांची मुदत तोवर संपलेली होती आणि त्यांचे कंटेनर हलले होते. अध्यादेशाने कायद्याखाली आधी झालेले करार मात्र वैध ठेवले, त्यामुळे मोठ्या खाजगी केंद्रांचा क्षमता आकार पुढेही चालू राहिला.